रद्द फेरीतली बाही

बाबांचा आकडा लागला. सहाच्या सहा चेंडू त्यांचे. एवढं सांगून झाल्यावर आता असं काही झालंच नाही असं धरून पुढे जायचं, कारण नियम तसा आहे. आणि बाबांची मुलगी सोडत नियंत्रण मंडळात निरीक्षक असल्यामुळे तिला तो नियम नुसता पाठ नव्हता, तर तो पाळायची तिला खोड होती, जशी कुणाला नखं खायची असते. तेव्हा त्या संध्याकाळी मंडळाच्या तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत काहीही घडलं नाही. खरी सोडत सात वाजता टीव्हीवर दाखवतात. तिच्याआधी त्याच खोलीत, त्याच यंत्रावर, त्याच चेंडूंनी काही फेऱ्या तालीम म्हणून घेतात. यंत्र नीट फिरतंय ना, चेंडू कुठे अडकत नाहीत ना, हे बघायला. तालमीत जे येतात त्यांना आकडे म्हणायचं नाही. मंडळाच्या भाषेत ते ‘निष्कर्ष नसलेले चेंडू’. ते कुणाला सांगायचे नाहीत, घरी तर नाहीच नाही, शक्यतो स्वतःच्याही लक्षात ठेवायचे नाहीत. ती हे काम करायला लागली तेव्हा हा शेवटचा भाग तिला विनोद वाटला होता. पुढे जमायला लागला. पुष्कळ गोष्टी विसरायचा पगार मिळत असेल तर माणूस विसरतो.

खोलीत गार असायचं आणि नव्या रबरी चपलेसारखा वास यायचा. चेंडूमास्तर, म्हणजे यंत्र चालवणारे गृहस्थ, हातात पांढरे मोजे घालून चेंडूंची सीलबंद पेटी उघडायचे, एकेक चेंडू सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर ठेवायचे आणि वजन वाचताना आवाज असा खाली आणायचे की जणू कुणाच्या तरी आजाराबद्दल बोलताहेत. कुठली पेटी आणि कुठलं यंत्र वापरायचं हे ठरवायला आधी एक छोटी सोडत काढावी लागे, म्हणजे सोडतीचीही सोडत. त्या छोट्या सोडतीवर निरीक्षक कोण, असा प्रश्न तिने नव्यानव्यात साहेबांना विचारला होता. साहेबांनी तो वरिष्ठांकडे पाठवला आणि तो तिकडेच सुखात राहिला. तिचं स्वतःचं काम साधं होतं: नळीतून चेंडू खाली येऊन थांबला की त्यावरचा आकडा मोठ्याने, सपाट आवाजात म्हणायचा. फेरी चालू असताना निरीक्षकाने आकड्याखेरीज दुसरा शब्द उच्चारला तर ती फेरी रद्द. हा नियम तिच्या आधीच्या निरीक्षकांमुळे आला. त्यांना प्रत्येक चेंडूला ‘वा’ म्हणायची सवय होती, आणि एकदा एका चेंडूला ते नुसतंच ‘हं’ म्हणाले, तर तो आकडा लावलेल्या माणसाने मंडळाकडे तक्रार केली होती.

त्या दिवशीच्या तालमीत पहिला चेंडू सातचा आला. ती म्हणाली, सात. मग चौदा. चौदा म्हटल्यावर तिच्या मनात, दार नीट लागलं नसेल तर वाऱ्याने हलतं तसं, काहीतरी किंचित हललं. पण असं दर आठवड्याला व्हायचं. एखाददुसरा आकडा बाबांचा असायचाच. मनगट आणि खांदा, एवढंच तिच्या डोक्यात आलं. मग सव्वीस आला, आणि सव्वीस म्हणताना तिला बाबांचं दुकान दिसलं: जिन्याखालची अरुंद जागा, इस्त्रीची ऊब, जमिनीवर चिंध्यांचा ढीग, आणि त्या ढिगात बसवून ठेवलेली ती स्वतः. बाबा शिंपी. ती चिंध्यांत वाढली म्हणून बाबा तिला चिंधी म्हणायचे, आणि अजून म्हणतात. परवा मंडळाचे साहेब घरी आले तेव्हाही बाबा म्हणाले, आणि साहेबांनी सौजन्याने ते ऐकलंच नाही. त्या दुकानात, ती जन्मायच्याही आधी, एक मुलगी नव्या नोकरीसाठी कोट शिवून घ्यायला आली. बाबांनी माप घेतलं. खांदा चौदा, छाती चौतीस, कंबर सव्वीस, बाही बावीस, मनगट सात, लांबी एक्केचाळीस. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही. कोट शिवून झाला, मुलगी तो घालून कामाला जाऊ लागली, दर वेळी काहीतरी खुसपट काढून परत येऊ लागली, कधी बटण, कधी अस्तर; आणि कोटात काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी लग्न केलं. पुढे गावात सोडत सुरू झाली, एकोणपन्नास आकड्यांतून सहा निवडायची, तेव्हा बाबांना विचार करावा लागला नाही. सहा मापं, सगळी एकोणपन्नासच्या आतली. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली की निदान हल्लीचं तरी माप घ्या, त्या जुन्या मुलीच्या नावाने किती वर्षं तिकिटं काढणार. बाबांनी हल्लीचं माप घेतलं. कंबर एकोणपन्नासच्या आत होती, पण घासून. बाबांनी टेप गुंडाळून ठेवली आणि जुनीच मापं चालू ठेवली, आणि आई आठवडाभर तोंड फुगवून बसली, दोन्ही कारणांसाठी.

चौथा चेंडू एक्केचाळीस. तिचा आवाज आताही सपाटच आला, कारण आवाजाला तीच सवय होती. आई अशी तुकड्यातुकड्याने नळीतून खाली येत होती, मनगट, खांदा, कंबर, मग एकदम पूर्ण लांबी, आणि काचेच्या खोबणीत एकाशेजारी एक बसत होती. चेंडूमास्तर जांभई दाबत होते. त्यांच्या लेखी हे निष्कर्ष नसलेले चेंडू होते आणि त्यांच्या पोटात भूक होती. तिला वाटलं की आपण ओरडावं, यंत्र थांबवावं, कुणाला तरी हात धरून आणावं. आणि त्याच वेळी हेही वाटलं की हलायचं नाही, आपण हललो तर ती परत वर जाईल. पाचवा चेंडू चौतीस.

बाबांनी तिकीट काढणं बंद केलं त्याला कारण त्यांची ही मुलगीच होती. मंडळात कामाला असलेल्याच्या घरात, एका छताखाली राहणाऱ्या आणि एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या कुणीही तिकीट काढायचं नाही, असा नियम. तिला नोकरी लागली तेव्हा आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाबांनी नियम ऐकून घेतला, ‘बरोबर आहे’ म्हणाले, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला जाऊन सांगून आले की आता ‘नेहमीचं’ नको, आणि टपरीवाल्याने, गिऱ्हाईक वारल्यासारखा, त्यांना चहा पाजला. तेव्हापासून दर आठवड्याला ते टीव्हीसमोर बसून नुसते आकडे बघत आणि ती घरी आली की हिशेब सांगत: आज खांदा आणि लांबी. आज नुसतं मनगट. आज कुणीच नाही. मग हळूहळू त्यांना नियमातच रस वाटायला लागला. बाकीचे देश काय करतात, असं ते विचारत. ती मंडळाच्या ग्रंथालयातून माहिती आणे आणि जेवताना सांगे. एका देशात सोडतीचे आकडे शाळेतली मुलं गाऊन दाखवतात. एका देशात जिंकलेला माणूस अस्वलाचं नाहीतर कसलं तरी सोंग घेऊन बक्षीस न्यायला येतो, म्हणजे मेहुणे ओळखणार नाहीत; तर दुसरीकडे जिंकणाऱ्याचं नाव जाहीर केलंच पाहिजे, मेहुण्यांसकट सगळ्यांना कळलं पाहिजे. एका देशात बक्षीस हातात द्यायच्या आधी विजेत्याला बेरीज-वजाबाकी घालतात, म्हणजे मग तो जुगार ठरत नाही, परीक्षा ठरते. हे ऐकून बाबा दोन दिवस मनातल्या मनात पाढे म्हणत होते. आणि एका ठिकाणी कधीकाळी लबाडांनी सुईने चेंडूंमध्ये रंग टोचून ते जड केले होते, फक्त दोन आकडे हलके ठेवले होते, तेव्हापासून जगभर चेंडू तोलतात. बाबांनी यावर एकच प्रश्न विचारला, सुई कितीच्या नंबरची. आणि शेवटी, दर वेळी, पाणी पिताना, सहज विचारल्यासारखं: घरच्यांना चालतं असा देश कुठला? तसा देश तिला सापडला नाही. सापडला असता तर बाबा तिकडे गेले असते का, हे तिने विचारलं नाही, कारण बाबांनी पंधरवड्यापूर्वीच दुसरा उपाय काढला होता. समोरच्या इमारतीत एक खोली रिकामी होती. छत वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. ‘मी तुला नोकरी सोड म्हणणार नाही,’ असं ते म्हणाले होते, अगदी कापडाचा भाव सांगावा तशा आवाजात, ‘म्हणून मी घर सोडतो.’

तिने समजूत घालायचा प्रयत्न केला होता. तुम्हाला चहासुद्धा येत नाही, असं ती म्हणाली. ते म्हणाले शिकेन. माणसं मुलगी नांदायला जाते तेव्हा रडतात, बाप नांदायला जातो तेव्हा काय करायचं असतं, असं तिने विचारलं. ते म्हणाले, शिलाई मशीनचं झाकण उचलायला मदत करायची असते. मग त्यांनी जेवायला इकडे आलं तर चालेल का अशी पृच्छा केली आणि तिने, स्वतःची चीड येत असतानाही, नियम बघितला. पाहुणा म्हणून चालत होतं. वारंवार नाही. वारंवार म्हणजे किती याची व्याख्या नव्हती. आपल्याला कसली भीती वाटतेय हे तिला नीट मांडता येत नव्हतं. बाबा रस्ता ओलांडून राहायला जाणार होते, परदेशी नव्हे. पण त्या दोन खोल्यांत आई कमी झाली तेव्हा जागा वाढली होती, आणि बाबाही कमी झाले तर इतकी जागा घेऊन काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. ती एक बाई, एक छत आणि एक नियम, एवढेच उरणार होते, आणि त्यातला नियम तेवढा निवृत्त होत नाही.

सहावा चेंडू नळीत शिरला. अजून तो वरच होता, नळीच्या बाकात, आकडा पलीकडे वळलेला, आणि ती म्हणाली, ‘बाही.’ सपाट आवाजात, मोठ्याने, जसा आकडा म्हणतात तसं. चेंडू खाली आला, थांबला, हळूच फिरून समोर झाला. बावीस.

चेंडूमास्तरांनी जांभई अर्ध्यात सोडली. ‘मॅडम, काय म्हणालात?’

मास्तरांनी यंत्राकडे, तिच्याकडे, पुन्हा यंत्राकडे बघितलं. ‘शब्द गेला,’ ते दुःखाने म्हणाले. ‘फेरी रद्द करावी लागणार. आणि अजून जेवणही झालेलं नाही.’ त्यांनी खोबणी उचलली आणि सहाही चेंडू परत यंत्रात लोटले, आणि आई एका क्षणात बाकीच्या त्रेचाळीस परक्या आकड्यांत मिसळून गेली. म्हणजे जी फेरी मुळात मोजलीच जाणार नव्हती तीही रद्द झाली. न झालेली गोष्ट आणखी एकदा न झाली. जागेवर बदली फेरी घेतली, तिच्यात भलतेच आकडे आले, आणि सात वाजता चकचकीत झग्यातल्या निवेदिकेने हसत हसत खरी सोडत पुकारली, तिच्यात सव्वीस तेवढा होता. बाकी पाच कुणाकुणाचे, कुणाचे तरी वाढदिवस असतील, नाहीतर गाड्यांचे नंबर.

साहेबांनी तिला वर बोलावलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. वाईट बातमी सांगताना टेबलावरच्या टाचण्या रंगाप्रमाणे लावत बसायचे, इतकंच. तालमीचंही चित्रीकरण होतं आणि ते त्यांनी बघितलं होतं. शब्द जाणं ही किरकोळ चूक, ते म्हणाले, पण इथे शब्द चेंडूच्या आधी गेलाय. निरीक्षकाला चेंडू दिसण्याआधी काहीतरी माहीत होतं, असं कुणी म्हणालं तर? बाही हा सांकेतिक शब्द आहे का? कुणाची बाही? मंडळाच्या इतिहासात बाहीचा उल्लेख कुठेच नाही. त्यांनी पुढच्या सोडतीपर्यंत लेखी स्पष्टीकरण मागितलं, आणि सोबत काही विनंती असेल तर तीही खाली जोडा म्हणाले, नमुन्यात तशी जागा आहे, ती रिकामी सोडली की कागद अपुरा दिसतो.

ती चालत घरी निघाली. दुकानं बंद होत होती, एक माणूस पुतळ्याच्या अंगातला कोट काढत होता, आणि पुतळा, हात मनगटापासून वेगळे करून ठेवलेला, शांतपणे काढून घेऊ देत होता. तिला वाटलं, नोकरी गेली तर बरंच होईल. छत एकच राहील आणि बाबा टपरीवर जाऊन ‘नेहमीचं’ म्हणतील. मग वाटलं, तसं झालं तर बाबांना कळेल की त्यांच्यामुळे झालं आणि ते तिकिटाला हात लावणार नाहीत. नोकरी टिकली तर बाप जातो, गेली तर बापाचा आकडा जातो. आणि सांगावं की न सांगावं हे तर तिसरंच. सांगणं म्हणजे गुन्हा. शिवाय सांगितलं तर ते म्हणतील, संपलं, आली ती, आता कशाला राहायला जायचं. असं होईल, असं तिला आतून वाटत होतं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटत होती, कारण मग ती त्यांना आईची बातमी देत नव्हती, आई खर्चून बाबांना विकत घेत होती.

बाबा फरशीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होते. एक पातेलं, एक गाळणी. गाळणीकडे ते संशयाने बघत होते. दाराच्या खिळ्याला आईचा कोट टांगलेला होता, नेण्याच्या वस्तूंत की ठेवण्याच्या, ते ठरलं नव्हतं.

‘आज नुसती कंबर,’ ते म्हणाले.

ती चपला न काढता समोर बसली. पुष्कळ वेळ गाळणीच फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘बाबा, तालमीत सगळी आली.’

‘कोण सगळी?’

‘आई. सहाच्या सहा.’

बाबांच्या हातातला कागद थांबला. त्यांनी ओरडावं, रडावं, निदान भिंतीला टेकावं, असं तिला वाटत होतं. ते म्हणाले, ‘कुठल्या क्रमाने?’

तिने सांगितलं. मनगट, खांदा, कंबर, लांबी, छाती. ते प्रत्येकाला मान हलवत होते, एखादा कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम तपासतो तसे. लांबीच्या जागी जरा कपाळाला आठी घातली, कंबरेनंतर लांबी ते घेत नसत. ‘आणि बाही?’

‘बाही येताना मी बोलून गेले. फेरी रद्द झाली. तशीही ती तालीमच होती, म्हणजे काही झालंच नाही. मी हे तुम्हाला सांगत नाहीये.’

‘बावीस आली?’

‘बावीस.’

बाबा हसले. आई गेल्यापासून असे ते हसले नव्हते, खांदे हलवून, आवाज न करता. ‘चिंधे, तिची बाही साडेएकवीस. तिकिटावर अर्धा लिहू देत नाहीत, म्हणून मी बावीस करत होतो. इतकी वर्षं. तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.’ मग ते उठले, कोटाजवळ गेले, बाहीचं टोक दोन बोटांत धरून उलटं केलं. ‘असू दे. अर्धा इंच शिलाईत जातो.’

तिने विचारलं, म्हणजे आता जायला नको ना? आकडा तर येऊन गेला. पुन्हा तोच येईल कशाला? हे ती अशा आवाजात म्हणाली की तिला स्वतःलाच तो आवाज चिंध्यांच्या ढिगातून आल्यासारखा वाटला. बाबांनी तिच्याकडे नवलाने बघितलं. एवढी शिकलेली मुलगी आणि शिंप्याच्या घरात वाढून तिला हे ठाऊक नसावं, असं ते नवल होतं. ‘अगं, तालीम म्हणजे कच्चा टाका,’ ते समजावून म्हणाले. ‘आधी कच्चं शिवायचं, अंगावर घालून बघायचं, नीट बसलं की उसवायचं. उसवलं म्हणजे वाया गेलं असं नसतं. उसवल्याशिवाय पक्की शिलाई घालता येते का? माप बरोबर बसलंय. आता जायलाच हवं.’ आणि ते दुप्पट उत्साहाने भांडी गुंडाळायला लागले. पातेलं, तवा, तिचे दोन पेले. थोड्या वेळाने, मान वर न करता, त्यांनी विचारलं, ‘छाती आली तेव्हा तू काय म्हणालीस?’

‘चौतीस म्हणाले.’

‘मोठ्याने?’

‘मोठ्याने.’

‘बरं केलंस,’ ते म्हणाले. ‘पुष्कळ दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.’

दोन दिवसांनी ती शिलाई मशीनचं झाकण एका बाजूने धरून रस्ता ओलांडत होती आणि बाबा दुसऱ्या बाजूने, आणि मोटारी थांबून वाट देत होत्या, कारण दुरून ते काहीतरी गंभीर दिसत होतं. कोट त्यांनी तिच्याकडेच ठेवला. तो कुठल्या छताखाली असावा याबद्दल नियम काही म्हणत नाही, तिने बघितलं होतं. पहिल्या संध्याकाळी समोरच्या खिडकीत धूर झाला, मग खिडकी उघडली, मग बाबांनी हातातलं काळं पातेलं तिला दाखवलं, जिंकलेला माणूस मोठा धनादेश दाखवतो तसं. टपरीवाल्याने त्यांना ‘नेहमीचं?’ असं विचारलं आणि ते ‘नेहमीचं’ म्हणाले, हे तिला टपरीवाल्याकडूनच कळलं; ते सांगताना त्याने आवाज खाली आणला होता. पुढच्या सोडतीहून ती परत आली तेव्हा तिच्या खोल्यांत दिवा नव्हता आणि समोर होता. बाबा खिडकीत उभे होते. इतक्या लांबून बोलणं शक्य नव्हतं. त्यांनी उजवा हात आधी डाव्या खांद्यावर ठेवला, मग मनगट धरलं, मग दोन्ही हात पसरून बाकीचं कुणी नाही अशी खूण केली. तिनेही आपल्या खिडकीत उभं राहून खांद्यावर हात ठेवला आणि मनगट धरलं, कळलं म्हणून. बराच वेळ ते दोघं तसेच रस्त्याच्या दोन बाजूंना उभे होते. मग बाबांचं काहीतरी उतू गेलं असावं, ते आत पळाले. तिने दिवा लावला, मुदत तर टळूनच गेली होती, तरी कागद पुढे ओढला, स्पष्टीकरणाच्या जागेत बाही हा शिवणकामातला शब्द असून तो सांकेतिक नाही एवढं लिहिलं, आणि खाली विनंतीची जागा उरली होती, ती अपुरी दिसू नये म्हणून तिने लिहायला घेतलं:

‘निरीक्षकाच्या तोंडून आकड्याऐवजी शब्द गेला, ही चूक मान्य आहे. तथापि रद्द फेरीच्या जागी घेतलेल्या फेरीत वेगळेच आकडे निघाल्याने तिला बदली फेरी म्हणता येणार नाही, ही बाब मंडळाच्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे. तरी सदर रद्द फेरी तेच यंत्र, तेच चेंडू व तोच क्रम कायम ठेवून पुन्हा घेण्यात यावी, ही नम्र विनंती. तिचा निष्कर्ष नेहमीप्रमाणे कुठेही धरला जाऊ नये, त्यास अर्जदाराची हरकत नाही. निरीक्षक या वेळी शेवटपर्यंत बोलणार नाही. अर्जदाराचे वडील वेगळ्या छताखाली राहत असल्याने त्यांना काचेबाहेर उभे राहण्याची परवानगी असावी. आत घेण्याची आवश्यकता नाही. फक्त बाही साडेएकवीस धरावी.’